समुद्राच्या रंगासाठी देवळालीचं ऊन

एम.एस्सी. झाल्यावर मला पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहायकाची नोकरी लागली. ती बातमी घेऊन मी देवळाली प्रवरेला घरी आले, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून पाळी संपवून नुकतेच आले होते आणि मोरीत पाय धूत होते. साखर कारखान्यात ते फिटर होते.

"काम काय करायचंय तितं?" त्यांनी विचारलं.

"समुद्राचा रंग बघायचा."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "पुन्यात?"

"उपग्रहावरून, अण्णा. तो वरून बघतो. त्यानं पाठवलेले आकडे आम्ही कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि नकाशे करायचे."

"आनि रंग कळून काय हुतं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. समुद्रात नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक वनस्पती तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्या जिथं भरपूर वाढतात, तिथलं निळं पाणी हिरवट होतं. जिथं हिरवट पाणी, तिथं खायला येणारे मासे. मासे कुठं सापडतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

अण्णा थोडा वेळ टॉवेलनं पाय पुसत राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "आगं, पोरगी पीकपाहनीला लागली. फकस्त हिचा तलाठी आभाळात हाय."

संस्थेत मला त्यानंतर पुष्कळ लोकांनी पुष्कळ प्रकारे आमचं काम समजावलं, पण अण्णांइतकं थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. समुद्राच्या रंगासाठीचा आपला खास उपग्रह तेव्हा तयार होत होता. तोवर आम्ही एका परदेशी उपग्रहाची माहिती वापरायचो. आमच्या विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या. मूळच्या कोकणातल्या, बोलायला फटकळ आणि मनानं फार चांगल्या. हिवाळ्याच्या तोंडावर मी पंधरा दिवसांची रजा मागायला गेले, तर त्यांनी अर्जाकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "देवळाली म्हणजे उसाचा भाग ना? कारखाना सुरू झाला असेल?"

"हो, गळीत हंगाम सुरू आहे."

"पाचट जाळतात?"

"जाळतात की. ऊस तुटला की वाळका पाला रानातच पेटवतात. दोरीवरच्या कपड्यांवर राख पडते."

"छान," बाई म्हणाल्या. पाचटाच्या राखेला छान म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. "उपग्रहाला समुद्र दिसतो तो हवेतून. त्याच्यापर्यंत जो उजेड पोचतो, त्यात समुद्राचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळा हवेचा. हवेतली धूळ, धूर, मिठाचे कण, हे सगळं वजा केल्याशिवाय समुद्राचा खरा रंग हाती लागत नाही. आणि हिवाळ्यात वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो. तुमच्याकडचा धूर येतो आमच्या समुद्रावर."

हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की जणू मीच घरून तो पाठवत होते. मग त्यांनी कपाटातून एक काळी, हातात मावेल एवढी पेटी काढली. तिच्या एका टोकाला भिंगं होती. पेटी सूर्याकडे धरायची. वरच्या छोट्या खिडकीत उजेडाचा एक ठिपका दिसतो, तो बरोबर गोलात आणायचा, हात न हलवता बटण दाबायचं. हवेनं वाटेत किती ऊन अडवलं, त्याचा आकडा येतो. उपग्रह दुपारी बाराच्या सुमारास आपल्या भागावरून जातो, त्याच वेळी हे करायचं. आकाश मोकळं हवं. सूर्यावर ढग असेल तर आकडा ढगाचा येतो, धुराचा नाही.

"रजा मंजूर," बाई म्हणाल्या. "पण रोज दुपारी गच्चीवर."

घरी आल्यावर माझा दिनक्रम ठरला. सकाळी अण्णांच्या रेडिओवर बातम्यांच्या आधी टिकटिक व्हायची, तिला घड्याळ लावायचं. बारा वाजत आले की जिना चढून स्लॅबवर जायचं, पदर डोक्यावर घ्यायचा आणि पेटी सूर्याकडे धरून उभं राहायचं. आमची गल्ली दोन दिवसांत गोळा झाली. आमच्यात सूर्याला अर्घ्य देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर जास्तच नवल वाटत होतं.

घरामागं एका शेतकऱ्याचा ऊस होता. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. बांधावर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "काय गं, वरून फोटू निघतो का काय आमचा?"

"फोटो नाही तात्या, धूर मोजतेय. तुम्ही पाचट कधी पेटवणार ते मला आदल्या दिवशी सांगाल का?"

"म्हंजे सरकारला कळवनार व्हय?"

"नाही हो. समुद्रावर जातो तो धूर, तो वजा करायचाय."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आमचा धूर समुद्रावर जातोय? आन् आमाला श्रीरामपूरच्या म्होरं कुनी न्हेत न्हाई!" पण त्यांनी आठवणीनं सांगितलं. त्यांनी एका भागाचं पाचट पेटवलं त्या दुपारी माझा आकडा दुपटीच्या वर गेला. मी आनंदानं गच्चीवरून ओरडले. तात्यांना वाटलं मी त्यांना शाबासकी देतेय. त्यांनी खालून हात वर केला.

याच पंधरवड्यात काष्टीहून माझी आत्या आली. आत्याचा आवाज मोठा, बांधा ठेंगणा आणि ठरवलेलं काम तडीस नेण्याची जिद्द दांडगी. येतानाच ती स्थळ घेऊन आली होती. तिच्या शेजारच्या घरातला मुलगा. वडील लहानपणी गेलेले, मामांनी वाढवलेला. डिप्लोमा करून नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागला होता. तयार झालेले सुटे भाग मापात बसतात का, हे तपासायचं त्याचं काम.

"सोमवारी मामा-भाचे येत्यात," आत्या म्हणाली. "सकाळी येतील, धाच्या आत उरकंल. मग जा तुज्या सूर्याकडं."

पण सोमवारी एसटी वाटेत बंद पडली. पाहुणे यायला साडेअकरा वाजून गेले. आईनं पोहे दोनदा गरम केले होते. मी आईची मोरपंखी साडी नेसून आतल्या खोलीत उभी होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"आज वर जायाचं न्हाई," आत्यानं दबक्या आवाजात बजावलं. "त्यो उपग्रह काय उद्या मरतोय का?"

"उद्याचा उद्या. आजचा आजच, आत्या."

"पोह्यांचा ट्रे धर."

मी ट्रे धरला. बाहेर जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. मामा मोठ्या मिशांचे, भारदस्त गृहस्थ होते. त्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मुलगा शेजारी अंग चोरून बसला होता. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, खिशाला पेन. मी उत्तरं देत होते, पण डोळे सारखे घड्याळाकडे जात होते. मामांचं लक्ष नव्हतं. मुलाचं होतं.

"तुम्हाला कुठं जायचंय का?" त्यानं विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वर. पाचच मिनिटं."

"वाळवान हाय वर," आत्या घाईनं म्हणाली. "कावळं येत्यात."

"वाळवण नाही," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "उपग्रह येतोय."

मामांनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि दाराकडं बघितलं. "आजून कोन पाव्हणं यायचं हायेत?"

अण्णांना हसू आवरेना. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला. मी मात्र पेटी उचलली, साडीच्या निऱ्या एका हातात धरल्या आणि जिना चढले. वर जाऊन बघते तर सूर्यासमोर एक ढग. आख्ख्या आभाळात तेवढा एकच, कापसाच्या बोंडासारखा, आणि तो नेमका तिथं येऊन बसलेला.

मागून पावलं वाजली. मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला होता. "तुमच्या अण्णांना विचारून आलोय. बघितलं तर चालेल?"

मी हो म्हटलं आणि पेटी दाखवली. ठिपका कसा आणायचा, बटण कसं दाबायचं, सगळं सांगितलं. त्यानं पेटी लगेच हातात घेतली नाही, आधी हात पँटला पुसले. मग ती घेतली, सगळ्या बाजूंनी नीट बघितली आणि विचारलं, "याचं कॅलिब्रेशन कुठं करतात?"

मी त्याच्याकडे पहिल्यांदा धड बघितलं ते तेव्हा. सूर्याकडे बघून डोळे जातील का, हे मला सगळ्या गल्लीनं विचारलं होतं. पेटीची किंमत विचारली होती. यंत्र खरं बोलतं हे तपासायचं कसं, हे कोणीच विचारलं नव्हतं.

"उंच डोंगरावर," मी म्हणाले. "हवा अगदी स्वच्छ असते अशा दिवशी. सकाळपासून सूर्य वर चढेपर्यंत मोजत राहायचं आणि त्यावरून हिशोब बसवायचा."

"म्हणजे मास्टर गेज म्हणून सूर्यच धरायचा." तो स्वतःशीच हसला. "ज्यावरून बाकीची मापं तपासतो तो मास्टर गेज आमच्याकडं कपाटात कुलपात असतो."

ढग हलत नव्हता. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही सूर्य बघा, वेळ मी बघतो." एवढ्यात मामा वर आले. त्यांच्यामागं अण्णा. मग आत्या, हातात चहाचे कप घेऊन, कारण खाली चहा द्यायला माणूसच उरलं नव्हतं. शेवटी आईही आली. सगळे स्लॅबवर उभे राहून, कपाळावर हात आडवा धरून, त्या एका ढगाकडे बघायला लागलो.

खालून तात्यांची हाक आली. "काय झालं वो? समदी वर कशापायी?"

"ढग सरकायची वाट बघतोय!" आत्या ओरडली.

"सरकंल की! वारं हाय!" तात्यांनी धीर दिला.

मामांनी चहाचा घोट घेतला आणि अण्णांना म्हणाले, "पाव्हणं, मी लई ठिकानी पोरी बघाया गेलो. पर आसं स्लॅबवर हुबं राहून आभाळाकडं बघत कुटं बसलो न्हवतो."

"आमी बी," अण्णा म्हणाले.

ढगाची कड सोनेरी झाली, मग एकदम ऊन पडलं. "आलं, आलं!" आई ओरडली. मी पेटी उचलली. ठिपका गोलात येई आणि निसटे. "कोपर अंगाला लावून धरा," मुलगा शेजारून हळूच म्हणाला. "आणि बटण दाबताना श्वास रोखा. आम्ही मायक्रोमीटर तसाच धरतो." मी कोपर अंगाला लावलं, श्वास रोखला. ठिपका गोलात बसला. मी दाबलं. त्यानं वेळ सांगितली. पुन्हा दाबलं, पुन्हा वेळ. आम्ही असे ओळीनं आकडे घेत गेलो आणि दुसरा ढग येण्याआधी काम झालं. मामांना खिडकीतला ठिपका बघायचाच होता. मी तो दाखवला. "ह्यो सूर्य?" ते म्हणाले. "एवढुसा?"

आत्यानं रिकामे कप गोळा केले आणि कंबरेवर हात ठेवला. "आमच्या काष्टीच्या बाजारात बैल पारखाया बी येवढा येळ लागत न्हाई. आता बोला. पसंत हाय का न्हाई?"

"हितंच?" अण्णा दचकले.

"मग कुटं? समदी हितंच हायेत."

मामांनी भाच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "आधी त्यांना विचारा."

मला कोणी विचारील, असं मला वाटलंच नव्हतं. "पसंत आहे," मी म्हणाले. आई अजून सांगते, की ते मी पेटीकडे बघत म्हणाले, आणि क्षणभर कोणालाच कळेना की मी आकड्याबद्दल बोलतेय की मुलाबद्दल.

पुण्याला परत गेल्यावर मी सगळे आकडे बाईंपुढे ठेवले. त्या एकेक बघत गेल्या. सोमवारच्या ओळीवर थांबल्या. "इथं ढग होता का?"

"होता. पण सरकला होता."

"सूर्याच्या जवळच असणार. आकडा चढलाय." त्यांनी ती ओळ पेननं खोडून टाकली. मग माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. डोळे पुसत म्हणाल्या, "विज्ञानाला तो दिवस वाया गेला बरं का. तुझं काय ते तू बघ."

हसून झाल्यावर त्यांच्या डोक्यात कामाचा विचार आला. नगरची मोजमापं सगळा हिवाळा मिळाली तर हवीच होती. माझी रजा संपली होती, पण नागापूरला माणूस होता. बाईंनी त्याला एका सुट्टीच्या दिवशी पुण्याला बोलावलं, संस्थेच्या गच्चीवर उभं केलं आणि त्याचे आकडे स्वतःच्या आकड्यांशेजारी ठेवून बघितले. जुळले. मुलानं सही करून पेटी घेतली आणि फडक्यात गुंडाळून नगरच्या गाडीत बसला.

तोवर माझ्या बोलण्यात तो 'तो' होता. साखरपुडा झाल्यावर 'ते' झाला. ते रोज जेवणाच्या सुट्टीत, जेवण मागं टाकून, वर्कशॉपच्या गच्चीवर जाऊन माप घ्यायचे आणि संध्याकाळी नागापूरच्या एका एसटीडी बूथवरून माझ्या घरमालकिणीच्या फोनवर कळवायचे. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी फोनवर काय बोलावं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आकड्यांमुळं फार सोय झाली. आधी आकडे व्हायचे. मग आकडा का वाढला त्याची चर्चा व्हायची. तिथून मग भट्टीचा धूर, त्यावरून मेसमधली करपलेली भाकरी, त्यावरून मला स्वयंपाक खरंच येतो का इथपर्यंत गाडी यायची. एकदा पलीकडून "आज आकाश एकदम स्वच्छ होतं" एवढं सांगून झालं, आणि मग ते म्हणाले, "तुम्ही असायला पाहिजे होतात." मी रिसीव्हर ठेवल्यावरही बराच वेळ फोनजवळ उभी होते.

हिवाळा संपला, वारा फिरला. पेटी परत न्यायला मी नागापूरला गेले. लग्नाची बोलणीही करायची होती, म्हणून अण्णा बरोबर आले. स्टॉपवर आमचे 'ते' न्यायला आले होते. आम्ही तिघं रस्त्यानं निघालो, तर त्या एसटीडी बूथचे मालक धावतच बाहेर आले. जाडजूड, कपाळावर चष्मा चढवलेला माणूस. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, पुन्याचं गिऱ्हाईक ते तुमीच का?"

"कसलं गिऱ्हाईक?"

"न्हाई, म्हंजे…" त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "साहेब रोज सांजच्याला आकडं सांगत्यात ना. तीन-आठ, चार-दोन. म्या बी चार-पाचदा लावून बघितलं. एकदा बी लागलं न्हाई!"

अण्णा रस्त्यातच थांबले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मटका?" ते म्हणाले. "जावई मटका खेळत्यात?"

"नाही हो अण्णा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. मग एकमेकांकडं बघून असे हसलो, की समजावून सांगायला बोलताच येईना. शेवटी जावयांनीच फडक्यातून पेटी काढली, बूथवाल्यांच्या हातात दिली आणि भर रस्त्यात त्यांना सूर्य धरायला लावला. हवेतल्या धुराचा हा आकडा आहे, असं कळल्यावर बूथवाले खजील झाले. "म्हंजे म्या धुरावर आकडा लावत हुतो," ते म्हणाले. त्यांनी आम्हा तिघांना उसाचा रस पाजला. अण्णांनी ग्लास रिकामा करून दोनदा विचारलं, "नक्की मटका न्हाई ना?"

मे महिन्यात देवळालीत आमचं लग्न झालं. आमच्यात मुहूर्त नसतो. ऊन तापायच्या आत उरकावं म्हणून सकाळीच त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीत मी आणि पांढऱ्या सदऱ्यात ते. बाई पुण्याहून आल्या. येताना त्यांनी अरबी समुद्राचा एक मोठा रंगीत नकाशा गुंडाळून आणला होता. आमच्या हिवाळ्यातला, हवा वजा करून काढलेला. उत्तरेला गुजरातच्या बाजूला पाणी हिरवंगार होतं, खाली येता येता निळं. मंडपात बायकांनी तो चारी कोपरे धरून पसरला. आत्यानं हिरव्या भागावर बोट ठेवलं. "ह्यो ऊस का?"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या. "माशांचा."

तात्या मागून टाचा उंचावून बघत होते. "आमचा धूर कुटला यातला?"

"तो काढून टाकला, म्हणून तर हे दिसतंय."

"काढला ना? बरं झालं," तात्या म्हणाले आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसले.

लग्नानंतर मी थोडे दिवस नागापूरच्या खोलीवर होते. त्याच दिवसांत समुद्राच्या रंगासाठीचा आपला स्वतःचा उपग्रह आकाशात गेला. खोलीत लहानसा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. उड्डाण दाखवणार हे कळल्यावर चाळीतली माणसं, वर्कशॉपमधले त्यांचे मित्र, बूथवाले, सगळे आमच्या एका खोलीत दाटीवाटीनं बसले. अँटेना हलवायला एक जण पत्र्यावर चढला होता. उलटी मोजणी सुरू झाली तसे सगळे पुढं सरकले. धुराचा लोट उठला, त्यातून ते लांबट रॉकेट वर निघालं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. "डावीकडं! डावीकडं फिरव!" सगळे पत्र्याकडं तोंड करून ओरडले. चित्र परत आलं तेव्हा रॉकेटचा नुसता एक उजळ ठिपका राहिला होता. थोड्या वेळानं उपग्रह कक्षेत गेल्याचं सांगितलं. टाळ्यांनी खोली दणाणली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं टिपलं. ते उठून पेढे वाटायला लागले, जणू आमच्याच घरात काही झालं होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आता हा पण रोज दुपारी आपल्यावरून जाणार?"

"रोज नाही. एक दिवसाआड."

त्यांनी उरलेला पेढा अर्धा करून मला दिला आणि म्हणाले, "चला. म्हणजे मधल्या दिवशी तरी आपण वेळेवर जेवू."